गाडी एकाला लागते, लावतात सगळे

मंडळाच्या सहलीचा मेसेज ग्रुपवर पडला की पहिल्या तासात कोणाची नावं येणार, हे मला आता पाठ झालं आहे. कोणाची येणार नाहीत, हेही. न येणाऱ्यांची कारणं ठरलेली असतात. गुडघे दुखतात, नातवाची परीक्षा आहे, घर बंद ठेवता येत नाही. सहलीची यादी दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे, त्यामुळे अशा लोकांना मी फोन करतो. इकडचं तिकडचं दहा मिनिटं बोलणं झालं की काहींचा आवाज जरा खाली येतो आणि खरं कारण बाहेर पडतं. "अरे, मला गाडी लागते ना."

आपली शुगर किती आहे हे लोक लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबी धरून सांगतात. गाडी लागते हे मात्र पन्नाशीच्या माणसालाही चोरून सांगावं लागतं. माझ्या एका आत्यानं वीसेक वर्षं एकही सहल केली नव्हती. कारण गुडघे. प्रत्यक्षात गुडघे ठणठणीत, रोज सकाळी तासभर चालते. झालं होतं असं, की एका वऱ्हाडाच्या बसमध्ये, घाटात, तिला दोनदा उलटी झाली. उलटीचं तिला फारसं वाटलं नाही. पण मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "आता काय, दर वळणाला थांबायचं का?" ते वाक्य तिला अजून आठवतं. कोण म्हणालं, तेही.

म्हणून या महिन्यात गाडी लागणं आणि सहलीतली अवघड मंडळी, या दोन्हींवर एकत्रच लिहितो आहे. वरवर पाहता हे दोन वेगळे विषय आहेत. बसमध्ये बसलं की एकच होतात.

डोळे एक सांगतात, कान दुसरं

'गाडी लागणे' हा आपला शब्दप्रयोग मला फार आवडतो. ऊन लागतं, थंडी लागते, नजर लागते, तशीच गाडी लागते. कोकणातली जुनी मंडळी 'बोट लागली' म्हणायची, कारण मुंबईहून गावी जायचं ते आगबोटीनं. यात माणसाचा दोष कुठेच नाही. लागणारी गोष्ट बाहेरून येते. शास्त्रही जवळपास हेच सांगतं.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेला लागून, तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. त्यात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं कोणत्या दिशेला वळलं ते त्या सांगतात. त्यांच्याजवळच कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात, म्हणजे साध्या भाषेत खडूच्या जातीचे. गाडी वेग घेते, ब्रेक लागतो, खड्ड्यात आपटते, ते या खड्यांना कळतं. एरवी कानाची ही बातमी आणि डोळ्यांची बातमी जुळते. बसमध्ये ती जुळत नाही. कान सांगतो, आपण डावीकडे वळतोय, आता उजवीकडे, आता खाली. डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ असते किंवा मोबाइल. दोन्ही जागच्या जागी. मेंदूकडे एकाच वेळी दोन विरुद्ध निरोप पोचतात.

यावर मेंदू पोट का रिकामं करायला लावतो, याबद्दल मिशेल ट्राइसमन यांनी १९७७ मध्ये एक तर्क मांडला. कान आणि डोळे यांची अशी फारकत निसर्गात सहसा काही विषारी खाल्लं तरच होते, म्हणून शरीर विष बाहेर टाकायला निघतं. हा तर्कच आहे, पण डोक्यात चांगला बसतो. कानातली ही यंत्रणा या सगळ्याच्या मुळाशी आहे, हे मात्र पक्कं आहे. १८८२ मध्ये विल्यम जेम्स यांनी नोंदवलं होतं, की ऐकू न येणाऱ्या ज्या लोकांची ही तोलाची यंत्रणाही काम करत नव्हती, त्यांना गरगरत नव्हतं आणि खवळलेल्या समुद्रातही बोट लागत नव्हती.

तेव्हा "मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस" हे वाक्य आधी बाद करून टाकू. लक्ष दुसरीकडे गेलं तर थोडा आराम पडतो, हे खरं. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ज्याचा कान शाबूत आहे अशा जवळजवळ कोणालाही पुरेसं हलवलं तर त्रास होतोच, फक्त कोणाला लवकर तर कोणाला उशिरा. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा होत नाही. त्यानंतर वाढत जातो, नऊ-दहा वर्षांच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि पुढे कमी होतो. पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो, गरोदरपणात वाढतो, अर्धशिशी असणाऱ्यांना जास्त होतो. इंग्लंडचा नेल्सन नौदलाचा एवढा मोठा सेनानी, पण त्याला आयुष्यभर बोट लागत असे.

आणि ड्रायव्हरला गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी ठाऊक असतं. वळणाच्या बाजूला त्याची मान आपोआप झुकते. आपली मान उलट बाजूला फेकली जाते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं त्यातूनच निघतं. ज्याला गाडी लागते त्याला जमेल तितकं ड्रायव्हरसारखं बसवायचं. म्हणजे पुढचा रस्ता दिसेल असं, आणि मान वळणाच्या बाजूला झुकवून.

साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या टर्नर आणि ग्रिफिन या संशोधकांनी बसच्या तीन हजारांहून अधिक प्रवाशांची पाहणी करून १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांना पुढचा रस्ता दिसत नव्हता त्यांना त्रास बराच जास्त होता. ड्रायव्हर कसा चालवतो आणि रस्ता किती वळणांचा आहे, यानंही मोठा फरक पडत होता. म्हणजे त्रास होणाऱ्याच्या हातात नसलेल्या गोष्टी किती आहेत बघा. सीट कोणती मिळाली, रस्ता कोणता, गाडी कोण आणि कशी हाकतोय. यातलं बरंच काही बाकीच्या बसच्या हातात असतं. म्हणून म्हणतो, गाडी एकाला लागते, पण लावतात सगळे मिळून.

पचमढीचा शेवटचा तास

गेल्या हिवाळ्यात आम्ही पचमढीला गेलो होतो. इंदूरहून रस्त्यानं चारशेच्या आसपास किलोमीटर. भोपाळ, मग नर्मदेचा पूल, होशंगाबाद (आता नर्मदापुरम म्हणायचं), सोहागपूर, पिपरिया. इथपर्यंत रस्ता सपाट. पिपरियाहून पचमढी पन्नासेक किलोमीटर, आणि त्यात मटकुलीला देनवा नदी ओलांडली की सातपुडा सुरू होतो. दिवसभराच्या प्रवासातला घाट म्हणाल तर जेमतेम शेवटच्या तासाचा. आपल्या विदर्भातली महादेवाची भगतमंडळी शिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात, तो हाच डोंगर.

अडचण अशी, की हा शेवटचा तास पहाटेपासून ठरत येतो. बस राजवाड्याजवळून पहाटे पाचला निघणार होती. त्या क्षणापासून घाटापर्यंत बसमधला जो तो आपापल्या परीनं कोणाला तरी गाडी लावायच्या कामाला लागलेला असतो. यातली माणसं प्रत्येक सहलीत भेटतात, म्हणून त्यांची ओळख करून घेऊ.

रुमाल टाकणारे

पहिली जात पुढच्या सीटवर रुमाल टाकणाऱ्यांची. रुमाल, टोपी, पाण्याची बाटली, काहीही चालतं. आमच्या बसमध्ये एका काकांनी पावणेपाचलाच पहिल्या रांगेत शाल अंथरली होती. "मी सगळ्यांत आधी पैसे भरले," हा त्यांचा मुद्दा. तो खोटा नव्हता.

अशा वेळी बसमध्ये उभं राहून वाद घालण्यात अर्थ नसतो. काका आपल्या वडिलांच्या वयाचे, आपण त्यांना 'उठा' म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी ते उठणार नाहीत. म्हणून नियम आदल्या दिवशीच ठरलेला असावा लागतो. आमच्या यादीत सीट नंबरांखाली एक ओळ होती. पिपरियापासून पचमढीपर्यंत आणि परतताना पचमढीपासून पिपरियापर्यंत, पहिल्या दोन रांगा गाडी लागणाऱ्यांसाठी. बाकीच्या सगळ्या रस्त्यात जो ज्या सीटवर, तो त्या सीटवर. याला आम्ही 'घाटाची सीट' म्हणतो. दिवसभरासाठी सीट मागितली की लोक बिथरतात. दीड तासासाठी मागितली तर देतात.

काकांनीही दिली, पण कुरकुर करत. पाचव्या रांगेत बसून पचमढी येईपर्यंत त्यांची कुरकुर चालू होती आणि मी ती ऐकत होतो. चालायचंच. सगळ्यांना खूश ठेवणं हे यादीचं कामच नाही. त्यांच्या जागी माझी आत्या बसली होती. तिला दोन वेळा फोन करून, सीट नंबर कळवून, तेव्हा कुठे ती आली होती. समोरच्या काचेतून तिनं अख्खा घाट पाहिला आणि वळण आलं की मान तिकडे झुकवत राहिली. त्रास झाला नाही असं नाही, पण तिला उतरावं लागलं नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. सगळ्यांत वाईट जागा मागच्या चाकांच्या मागे. बसचा तो भाग चाकांच्या पलीकडे लोंबता असतो, म्हणून तिथे सगळ्यात जास्त उसळतं आणि पुढचं काही दिसत नाही. आपण नेमकी तिथे पोरांना पाठवतो, "मागे जा, मस्ती करा" म्हणून. दहा वर्षांची पोरं, म्हणजे सर्वांत जास्त गाडी लागायचं वय. घाटापुरतं तरी त्यांना मधल्या रांगांत आणा आणि हातातला मोबाइल काढून घ्या. आपलाही खिशात ठेवा. घाटात रील पाहणं म्हणजे उलटीला स्वतःहून बोलावणं.

"आलोच, पाच मिनिटांत"

दुसरी जात उशिरा येणाऱ्यांची. यांना आपण नेहमी वेळेच्या शिस्तीवरून बोलतो आणि ते हसून सोडून देतात. त्यांना हिशोब वेगळा सांगून बघा.

पहाटे पाचची बस पावणेसहाला निघाली. चहाला एकजण रेंगाळला, वीस मिनिटं गेली. होशंगाबादला सेठानी घाटावर फोटो काढता काढता आणखी अर्धा तास. हे सगळं मिळून होतं दीड तास, आणि हा दीड तास ड्रायव्हर कुठे भरून काढतो? अंधार पडायच्या आत वर पोचायचं म्हणून घाटात. गाडी वळणांवर जोरात घातली जाते, ब्रेक ऐनवेळी लागतात. म्हणजे राजवाड्याच्या पाऊण तासाची किंमत मटकुलीच्या वर कुणाच्या तरी पोटातून वसूल होते. उशीर करणारा त्या वेळी मागे बसून शेंगदाणे खात असतो.

माणसाला सर्वांत जास्त बाधणारी हालचाल ही साधारण पाच सेकंदांत एकदा होणाऱ्या संथ हेलकाव्याची असते. गाडीची थरथर त्यामानानं बाधत नाही. डावं वळण, उजवं वळण, पुन्हा डावं, हा घाटाचा हेलकावा त्याच्या जवळ जातो, आणि वेगानं गेलं की प्रत्येक हेलकाव्याचा जोर वाढतो. म्हणून ड्रायव्हरशी बोलण्याचं काम एका माणसाकडे द्यावं आणि त्यानं घाटाआधी चहा पिता पिता एवढंच सांगावं, "दादा, उशीर झाला तरी चालेल, वर सावकाश घ्या." 'आम्हाला घाई नाही' हे एकदा कळलं की बहुतेक ड्रायव्हर सांभाळून नेतात. घाई त्यांनाही आवडत नसते. ती आपणच मागच्या सीटवरून "भैया, कितना टाइम लगेगा" विचारून लावलेली असते.

आग्रह करणारे

तिसरी जात सगळ्यांत प्रेमळ, म्हणून सगळ्यांत अवघड. आपण इंदूरकर. पहाटे पाचला निघालो तरी पोहे-जिलबी झाल्याशिवाय बस शहराबाहेर काढणं आपल्याला अपशकुन वाटतो. वर शेव, वर कचोरी. दुपारी कोणीतरी दाल-बाफल्याची सोय केलेली असते. तुपात बुडवलेले दोन बाफले, लाडू, आणि "अगं, एवढंसंच? प्रवासात अंगात ताकद नको?" मग दोन तासांनी घाट.

पोट तुडुंब असलं, तेही तेलातुपानं, की मळमळ वाढते. कडकडीत उपासही चांगला नाही. घाटाआधी थोडंसं, कोरडं, कमी तेलाचं खावं. खाकरा, साधी पोळी, भाजलेले चणे, बिस्किट. पाणी घोट घोट. आल्याचा उपयोग होतो असं काही प्रयोगांत दिसलं आहे, काहींत नाही, पण आलेपाकाच्या वडीनं नुकसान काहीच नाही. लिंबू हुंगणं, आवळा सुपारी, लवंग, हे ज्याला मानवेल ते त्यानं करावं. पोटावर वर्तमानपत्र बांधण्याचा उपाय मी खूप जणांकडून ऐकला आहे. त्यानं कानातले खडे थांबणार नाहीत. पण आजीनं प्रेमानं बांधलं तर बांधून घ्या आणि गोळीही घ्या.

आग्रह करणाऱ्या काकूंना 'नको' म्हणून उपयोग होत नाही, हे आपण सगळे जाणतो. त्यांना काम द्यावं. "काकू, घाटाआधी कोणी तेलकट खाणार नाही, हे आता तुम्हीच बघायचं." मग त्या आग्रहाच्या सगळ्या ताकदीनं खाणं थांबवतात. आमच्या बसमध्ये पिपरियाला एका माणसाची समोश्याची पुडी चक्क जप्त झाली.

वास, आवाज आणि खिडकी

चौथ्या जातीला स्वतःचा पत्ताच नसतो. कोणी ताजं अत्तर लावून येतं, कोणी घाटात संत्री सोलतं, कोणी हिंगाष्टकाची बाटली उघडतं. देवाच्या तसबिरीपुढे बसमध्ये उदबत्ती लागते. मळमळणाऱ्या माणसाला एरवी आवडणारा वाससुद्धा सोसत नाही. पेट्रोल-डिझेलचा तर नाहीच. घाटाच्या एका तासात बसमध्ये वास नको, हा नियम करायला सोपा आहे आणि त्याचं कोणाला वाईट वाटत नाही.

खिडकीचं भांडण त्याहून अवघड. एकाला वारा हवा, दुसऱ्याच्या कानाला गार वारा बाधतो. दोघंही खरे. ज्याला वारा हवा तो पुढे आणि ज्याला बाधतो तो त्याच्या मागे, अशी बैठक केली तर मागच्याला सगळा झोत मिळतो. उलटी मांडणी करावी, वारा हवा असणाऱ्यांची खिडकी मागच्या बाजूची ठेवावी. पण गाडी लागणाऱ्याला पुढेच बसवायचंय. मग मफलर. थंडी वाजणाऱ्यानं मफलर बांधायचा, गाडी लागणाऱ्यानं खिडकी चार बोटंच उघडायची. सगळ्या भांडणांना तोडगा नसतो, काहींना मफलर असतो.

गाण्यांचं म्हणाल तर भेंड्या चालतात. मन रमतं आणि थोडी मदतच होते. मात्र टाळ्या पिटत, मागे वळून, सीटवर उलटं बसून भेंड्या खेळणाऱ्यालाच पुढच्या वळणावर गरगरतं.

भाव खाणारा मुलगा

आता ज्यांना आपण अवघड म्हणतो त्यांच्यातल्या काहींबद्दल. पचमढीच्या बसमध्ये विशीतला एक मुलगा होता, पाहुणा म्हणून आलेला. सकाळी हसून बोलला. दुपारनंतर गप्प. कोणी विचारलं तर तुटक उत्तर. जांभया देत होता. भेंड्यांत ओढलं तर चिडला. मागे कुजबुज सुरू झाली, भाव खातोय, आपल्यात मिसळायचं नाही त्याला.

ग्रेबिएल आणि नेप्टन या दोघांनी १९७६ मध्ये वर्णन केलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. गाडी लागण्याचं एक रूप असं असतं, की त्यात उलटी तर सोडाच, मळमळही फारशी होत नाही. माणूस सुस्तावतो, जांभया देतो, चिडचिडा होतो, कोणाशी बोलावंसं वाटत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तो आळशी किंवा गर्विष्ठ वाटतो. त्याला स्वतःलाही आपल्याला गाडी लागली आहे हे कळत नाही.

त्या मुलाला पुढच्या रांगेत बोलावलं, खिडकी उघडून दिली, अर्ध्या तासात चेहरा बदलला. सगळ्या चिडक्या लोकांचं कारण कानातच असतं असं मी म्हणत नाही. काही मंडळी सपाट रस्त्यावर, घरच्या सोफ्यावरही तशीच असतात. पण बसमध्ये कोणाला 'अवघड' ठरवायच्या आधी एकदा चेहरा बघावा. रंग उतरलाय का, कपाळावर गार घाम आहे का, सारखी थुंकी गिळतोय का. उलटीच्या आधी तोंडाला पाणी सुटतं, हे लक्षण ओळखलं तर पिशवी द्यायला दोन-तीन मिनिटं मिळतात.

नाणं आणि गोळी

गोळीबद्दल एकच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ती त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते किंवा उलटीतून बाहेर येते. मग लोक म्हणतात, "मला गोळी लागू पडत नाही." घाटाच्या पायथ्याशी घेतलेली गोळी वर हॉटेलात पोचल्यावर काम करते आणि माणूस जेवायच्या वेळी झोपतो.

पचमढीसाठी आम्ही एक खूण ठरवली. होशंगाबादला बस नर्मदेच्या पुलावर आली की लोक नाणं टाकतात, 'नर्मदे हर' म्हणतात. त्याच वेळी गोळी घ्यायची. तिथून मटकुली साधारण दोन तासांवर आहे. घड्याळ पाहावं लागत नाही, कोणी विसरत नाही. तुमच्या रस्त्यावर नर्मदा नसेल तर दुसरं काही शोधा, पण घाटाच्या दीड-दोन तास आधीचं.

आपल्याकडे सर्रास घेतली जाते ती अ‍ॅव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन. सिनारिझिन, डायमेनहायड्रिनेट याही त्याच कामाच्या. यातल्या डायमेनहायड्रिनेटची गोष्ट गमतीची आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९४७ मध्ये ते अ‍ॅलर्जीचं औषध म्हणून तपासत होते. एका बाईच्या लक्षात आलं, की ते घेतल्यापासून ट्रॅममधून येताना आपल्याला मळमळत नाही. तिनं हे डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि पुढे सैनिकांच्या जहाजावर त्याची चाचणी झाली.

या गोळ्यांनी झोप येते. घेतल्यावर गाडी चालवायची नाही, दारू नाही, सर्दीची दुसरी गोळी सोबत नाही. काचबिंदू असेल, प्रोस्टेटचा त्रास असेल, गरोदर असाल, वय जास्त असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन द्यायचंच नाही, मोठ्या मुलांनाही डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि शेजारच्या सीटवरच्या काकांनी खिशातून काढून दिलेली गोळी, कितीही प्रेमानं दिलेली असली तरी, घेऊ नका.

झालीच तर

एवढं करूनही उलटी होते. तेव्हा बाकीच्या बसनं काय करायचं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

पिशवी आधीच हातात असावी, भोक नसलेली, एकात एक अशा दोन. ओला रुमाल, पाणी, चूळ भरायला कागदी पेला. शेजारी एकच माणूस, पाठीवर हात ठेवणारा. बाकीच्यांनी मागे वळून बघायचं नाही, आपापसांत बोलत राहायचं. दर दोन मिनिटांनी "आता कसं वाटतंय?" विचारायचं नाही. त्या माणसाला त्या वेळी सगळ्यात जास्त काय हवं असतं, तर आपण कोणाच्या लक्षात येऊ नये एवढंच. बस थांबवायची असेल तर वळणावर नाही, रुंद जागा बघून, ड्रायव्हर ठरवेल तिथे. पाच मिनिटं मोकळ्या हवेत उभं राहायचं, लांबवर, डोंगराच्या रेषेकडे बघायचं. आणि परत बसमध्ये चढताना कोणी काही बोललं नाही, तर तो माणूस पुढच्या वर्षी नाव देतो.

परतीचं विसरू नका. उतरताना ब्रेक जास्त लागतात, शरीर दोन दिवसांचं थकलेलं असतं, धूपगडच्या जिप्सीत आपटून आलेलं असतं, आणि यादी सांभाळणाऱ्याचंही लक्ष उडालेलं असतं. घाटाची सीट परतीलाही तेवढीच लागते. परतताना गोळीची खूण नर्मदा नाही, ती घाटानंतर येते. पचमढीत निघण्याच्या दीड-दोन तास आधीच घ्यायची.

एक शेवटचं. सीटवर किंवा पायाशी सांडलं तर ते साफ कोण करतं? बहुतेक वेळा बसचा क्लीनर, सतरा-अठरा वर्षांचं पोरगं, सगळे चहाला गेल्यावर, एकटा, हातात फडकं घेऊन. आम्ही आता वर्गणीतच यासाठी थोडे पैसे धरतो. हातमोजे, फिनेल, वर्तमानपत्रं आणि एक बादली आपली आपण नेतो, आणि आपल्यातलेच दोघं जण खाली उतरायच्या आधी साफ करतात. क्लीनरला चहाला आपल्यासोबत न्यायचं.